दोनशे चौदा किलोमीटर, अडतीस मिनिटं

११ फेब्रुवारी

प्रति,
चौकशी खिडकी, विमानतळ.

विषय : अंतर व वेळ याबाबत लेखी चौकशी.

महोदय,

साष्टांग नमस्कार घालायचं माझं वय नाही आणि तुमची तेवढी पुण्याई नाही, तेव्हा नुसतं ‘विनंती विशेष’ घ्या.

या खिडकीत बसणारे गृहस्थ माझे सख्खे धाकटे दीर आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना गेल्या वर्षभरात मी घरच्या पत्त्यावर दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. फोन केला की ‘कामात आहे, नंतर करतो’ म्हणतात, आणि ते नंतर काही अजून उजाडलेलं नाही. मग आठवलं. एकदा आमच्याकडे जेवताना त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं की त्यांच्या खिडकीवर पाटी आहे, ‘लेखी चौकशीस सात दिवसांत लेखी उत्तर मिळेल’, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी ही मुदत एकदाही चुकवलेली नाही. म्हटलं, वहिनीसाठी वेळ नसेल, प्रवाशासाठी तरी असेल.

तर चौकशी अशी. आमच्या दुकानासमोरच्या चष्मेवाल्याने परवा कुठूनसं वाचून दाखवलं की तुमच्या विमानतळापासून आमच्या विमानतळापर्यंत अंतर २१४ किलोमीटर आणि उड्डाणाची वेळ ३८ मिनिटं. तुमच्या वेळापत्रकात मात्र एक तास दहा मिनिटं छापलंय. वाट तीच, विमान तेच. मग मधली बत्तीस मिनिटं जातात कुठे? मी घड्याळजीची बायको आहे. त्यांना जाऊन चौदा महिने झाले, पण मिनिटं हरवलेली मला अजून खपत नाहीत.

आपली,
एक संभाव्य प्रवासी


१७ फेब्रुवारी
जावक क्र. ४१

संदर्भ : आपले दि. ११ चे पत्र.

महोदया,

आपल्या चौकशीस अनुसरून कळविण्यात येते की :

दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर २१४ कि.मी. आहे. चाके जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत सरासरी ३८ मिनिटे लागतात. उरलेल्या ३२ मिनिटांत दार लावणे, धावपट्टीपर्यंत जाणे, परवानगीची वाट पाहणे, उतरल्यावर जिना लावणे ही कामे येतात. त्यांना प्रत्यक्षात सुमारे सतरा मिनिटे पुरतात. बाकीची पंधरा राखीव असतात. विमान उशिरा निघाले तरी वेळेवर पोहोचल्याची नोंद व्हावी, हा त्यामागील हेतू. ही पद्धत सर्वत्र मान्य आहे.

रस्त्याने डोंगर व जलाशय यांना वळसा असल्याने अंतर ३९० कि.मी. होते व बसला अकरा तास लागतात. हे आपण विचारलेले नाही, माहितीसाठी दिले आहे.

आपला,
चौकशी सहायक

ता. क. : विमान वरून गेल्यावर आपल्या दुकानाची दर्शनी काच अजून हलते काय? (खिडकीला प्रवाशास उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. उत्तर ऐच्छिक.)


२४ फेब्रुवारी

भावोजी,

सहाव्या दिवशी उत्तर. शाबास. सरकारी कागदावर का होईना, तुमचं अक्षर पाहिलं. अजून ‘ल’ला शेपूट काढता.

काच हलते. काचेमागची घड्याळं हलतात, आणि त्यातलं एक, ते बदकाचं, दर वेळी दोन मिनिटं पुढे उडी मारतं. मी पट्टे बदलते आणि सेल घालते. आतलं काम यांच्याबरोबर गेलं. लोक अजून जुनी घड्याळं घेऊन येतात, काउंटरवर ठेवतात आणि माझ्या मागे पडद्याकडे बघतात, जणू हे आत हात धुतायत आणि आत्ता येतील. सुरुवातीला मी सांगायचे. आता ‘दुरुस्त होत नाही’ एवढंच म्हणते. दुकानात चाळीस घड्याळं आहेत आणि चाळीस मतं. एकालाच चावी देते. बाकीची बंद आहेत म्हणून ऐकू येतं की ते एक चालू आहे.

चष्मेवाला रोज येऊन ‘स्वतःला गुंतवून घ्या’ असा सल्ला देतो. त्याच्या बायकोने माहेरी जाऊन स्वतःला गुंतवून घेतलंय, त्याला तीन वर्षं झाली.

तुमच्या राखीव पंधरा मिनिटांची गंमत वाटली. उशीर आधीच वेळापत्रकात घालून ठेवायचा, म्हणजे उशीर होत नाही. यांना हे कळलं असतं तर यांनी तुम्हाला ओळख दाखवली नसती. यांची वही तुम्हाला आठवत असेल. विमान दुकानावरून गेलं की हे आतून ओरडायचे, ‘लिही’, आणि मी तारीख आणि वेळ लिहायची. कधी मी भाजीला गेले असेन तर हे स्वतः लिहायचे. एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत. ‘पायलटचं विमान आज चार मिनिटं उशिरा’ म्हणायचे, जसं काही तुम्हीच चालवत होतात. तुम्हाला नोकरी लागली त्या दिवसापासून तुम्ही यांच्यासाठी पायलट. खिडकीत बसता, हे यांनी दुकानात कुणाला सांगितलं नाही.

वही मी अजून लिहिते. ओरडायला कुणी नाही, काच हलली की लिहिते.

आता दुसरी लेखी चौकशी, आणि ही नीट नोंदवून घ्या. हा नव्हे, याच्या आधीच्या संबंध हिवाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, तुमच्याकडून आमच्याकडे येणारं सकाळचं विमान धुक्यामुळे किती वेळा रद्द झालं? तारखांसह कळवावे.

मुदत सात दिवस. पाटी तुमची आहे.

वहिनी


३ मार्च
जावक क्र. ५८

महोदया,

आपल्या दि. २४ च्या चौकशीस अनुसरून, विमानतळाच्या नोंदवहीवरून खालील माहिती देण्यात येत आहे.

नमूद काळात धुक्यामुळे रद्द झालेली सकाळची उड्डाणे : २१ नोव्हेंबर, २ डिसेंबर, ३ डिसेंबर, १६ डिसेंबर, ५ जानेवारी, ६ जानेवारी, १९ जानेवारी. एकूण सात.

यादी मूळ नोंदीशी ताडून पाहिली आहे. एकही तारीख घातलेली नाही व एकही गाळलेली नाही.

तसेच कळविण्यात येते की प्रवासी संख्येअभावी ही विमानसेवा दि. ३१ मार्च रोजी बंद होत आहे. चौकशी खिडकीही त्याच दिवशी बंद होईल. त्यानंतर आलेल्या लेखी चौकशांना उत्तर देण्याचे बंधन राहणार नाही.

आपला,
चौकशी सहायक


८ मार्च

भावोजी,

यादी मिळाली. तीनदा वाचली. चष्मेवाल्याकडून भिंग आणून वाचायची वेळ आली नाही, तारखा मोठ्या लिहिल्यात तुम्ही.

९ डिसेंबर त्यात नाही.

त्या दिवशी सकाळी सातला हे गेले. साडेसातला मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘येतो वहिनी, पहिल्या विमानाने येतो.’ तुमची वाट बघायची असं ठरलं. साडेदहाच्या सुमाराला चष्मेवाल्याच्या फोनवर निरोप आला, धुक्यामुळे विमान रद्द. निरोप तुम्हीच दिलात. तो मला म्हणाला, आवाज इतका शांत होता की आधी त्याला वाटलं घोषणाच चाललीय. मग त्यानेच पुढाकार घेतला, ‘धुकं म्हणजे आज काही खरं नाही, उरकून घेऊ.’

आम्ही यांना घेऊन दाराबाहेर पडलो आणि काच हलली. सगळे खाली मान घालून उभे होते, वर कुणी बघितलं नाही. मी बघितलं. स्वच्छ ऊन होतं. मग मी आत गेले आणि वहीत लिहिलं, ९ डिसेंबर, ११.०७. लोकांना वाटलं मला भान राहिलेलं नाही. माणूस गेला म्हणून वहीची सवय कशी जाणार.

चौदा महिने मी हे कुणाला बोलले नाही. वाटत होतं, माझ्या कानांचा काही दोष असेल, दुसरं एखादं विमान असेल. तुम्हाला ही यादी खोटी लिहिता आली असती, मी काही तुमची नोंदवही बघायला येणार नव्हते. तुम्ही खरी लिहिलीत. म्हणून आता तिसरी चौकशी, आणि ही शेवटची.

विमान आलं. तुम्ही कुठे होतात?

वहिनी


१७ मार्च

स्मरणपत्र क्र. १

संदर्भ : माझे दि. ८ चे पत्र. सात दिवस झाले, आठ झाले, आज नववा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मुदत चुकली ना?

मला भांडायचं नाही. भांडायला समोर माणूस लागतो, आणि मला तो हवाच होता. यांच्यामागे माझं म्हणावं असं तुमच्याशिवाय कोण आहे, आणि तुमचंही माझ्याशिवाय कोण आहे? तेवढा हिशोब तरी तुम्हाला जमावा. ३१ तारखेला खिडकी बंद झाली की तुम्हाला उत्तर देणं भाग पडणार नाही. म्हणून घाई.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

या पत्राला जावक क्रमांक नाही. चार कागद फाडले, हा पाचवा.

तुमची ११.०७ ची नोंद बरोबर आहे. ते दहा एकतीसला उडालं. मी खाली उभा होतो.

मी आयुष्यात कधी विमानात बसलेलो नाही.

हे वाक्य लिहायला मला बारा दिवस लागले, तेव्हा पुढचं भरभर लिहितो. नोकरी लागली त्या वर्षी कर्मचाऱ्यांना एक फेरी फुकट होती. मी पायऱ्यांपर्यंत गेलो आणि पाय उचलेनात. ‘उद्या जातो’ म्हटलं. असे सव्वीस वर्षांचे उद्या झाले. खिडकीत रोज कुणी ना कुणी पहिल्यांदा उडणारा येतो, म्हाताऱ्या येतात. मी त्यांना सांगतो, ‘काही होत नाही हो, नुसती अडतीस मिनिटं, चहा संपायच्या आत पोहोचाल.’ त्या निर्धास्त होऊन जातात. मला लोक या गोष्टीसाठी नावाजतात.

आणि दादा मला पायलट म्हणायचा. घरी आलो की दुकानातल्या गिऱ्हाइकांना अभिमानाने दाखवायचा. त्याला काय सांगणार होतो? मी दर वेळी बसने आलो. आदल्या दिवशीची बस, संध्याकाळी तुमच्या गावच्या स्टँडवर उतरायचं, शेजारच्या लॉजमध्ये मुक्काम, दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि बाराच्या सुमाराला टॅक्सी करून विमानतळाच्या बाजूने यायचं. ‘कसा झाला प्रवास?’ दादा विचारायचा. ‘ढग होते थोडे,’ मी म्हणायचो. ढगांवर माझा भर असायचा.

त्या दिवशी मी ठरवलं होतं, आज बसायचं. तिकीट घेतलं. जिन्याला सात पायऱ्या आहेत. तिसरीवर थांबलो. वर दार दिसत होतं, दारातली बाई हसून ‘या’ म्हणत होती, आणि मला ते दादासाठी करायचं होतं, वहिनी, फक्त एवढंच. मागे एक बाई होती, कडेवर मूल. थोडा वेळ थांबली बिचारी, मग म्हणाली, “काका, चढताय की नाही? मूल उन्हात आहे.” मी बाजूला झालो. तिची बॅग वर नेऊन द्यायला एकाला हाक मारली. आणि खाली उतरलो.

मग खिडकीत जाऊन चष्मेवाल्याला फोन केला. तोंडातून तेच निघालं जे रोज निघतं. ‘धुक्यामुळे रद्द.’ बाहेर लख्ख ऊन होतं, तुम्ही म्हणता तसंच.

साडेअकराच्या बसमध्ये बसलो. अर्ध्या वाटेवर चहाला थांबते तिथे घड्याळ बघितलं. म्हटलं, आता सगळं झालं असेल. आता जाऊन तोंड दाखवायचं ते कुणाला? तिथेच उतरलो. उलट्या दिशेची बस यायला दोन तास होते. टपरीवाल्याने तीन चहा दिले.

तुमची दोन पत्रं माझ्या कपाटात आहेत. उघडली नाहीत.

३१ ला माझीही नोकरी संपते. मला दुसऱ्या विमानतळावर पाठवायचं म्हणत होते, मी नाही म्हटलं. विचारलं का, तर सांगितलं, प्रवास झेपत नाही. पहिल्यांदाच खरं बोललो.

उत्तर लिहू नका असं म्हणणार नाही. नाही लिहिलंत तरी समजेन.

तुमचा,
(तुम्हीच ठरवा काय म्हणायचं)


२५ मार्च

भावोजी,

आधी भांडून घेते.

तुम्ही उडायला घाबरता, घाबरा. मी पालीला घाबरते, चष्मेवाला बायकोला. पण त्या दिवशी फोनवर नुसतं म्हणाला असतात, ‘वहिनी, मी बसने येतोय,’ तर मी थांबले असते. सगळ्यांना घरी पाठवून यांच्यापाशी एकटी बसून राहिले असते. अकरा तास म्हणजे काय मोठे? त्यानंतरचे पंधरा महिने मी एकटीच बसलेय. तुम्ही विचारलंच नाहीत. हा राग आहे आणि तो राहणार. तो मी वेगळा ठेवलाय, बदकाच्या घड्याळाशेजारी. अधूनमधून उडी मारेल.

आता दुसरं. तुमचं पत्र वाचलं आणि वह्या काढल्या. एकोणीस वर्षांच्या, पोटमाळ्यावरून. खाली आणताना कंबर धरली, तेही तुमच्या खाती. तुम्ही ज्या ज्या दिवशी ‘विमानाने’ आलात ती पानं काढली. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात असायचे, म्हणून नोंदी यांच्या हातच्या आहेत. काही नोंदी मी आधीही वाचल्या होत्या. वाटलं होतं, यांचा घोळ झालाय. यांचा घोळ कधी झाला होता का, हा विचार मला सुचायला हवा होता. उतरवून पाठवते.

‘१४ जून. विमान रद्द, वारा. पायलट साडेबाराला आला, विमानाने. प्रवास छान झाला म्हणाला. बॅगेला डिझेलचा वास. विचारलं नाही.’

म्हणजे बघा, चौकशी खिडकीतला माणूस, जगाला विमानाच्या वेळा सांगतो, आणि स्वतः आला तो न उडालेल्या विमानातून. वर ढग होते म्हणाला.

‘२ सप्टेंबर. विमान आलं नाही, चाक बिघडलं म्हणे. पायलट आला. गिऱ्हाइकांसमोर विषय काढला नाही. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बसने भूक लागते.’

अशा पाच आहेत. आणि ही शेवटची, हे जाण्याच्या आधीच्या वर्षीची :

‘८ मे. विमान ११.०५. पायलट उद्या येणार. म्हणजे आज स्टँडजवळच्या लॉजवर असेल. संध्याकाळी त्या बाजूला फिरून आलो. वरच्या मजल्यावर खिडकीत शर्ट वाळत होता, त्याचाच. हाक मारणार होतो. मारली तर तो पायलट राहणार नाही. परत आलो.’

हे त्या संध्याकाळी उशिरा आले होते. मी विचारलं, कुठे होतात? म्हणाले, पाय मोकळे करून आलो. मी म्हटलं, एवढा वेळ? तर म्हणाले, रस्ता लांबचा घेतला.

लॉज आपल्या घरापासून चालत आठ मिनिटं आहे, भावोजी. तुम्ही दोघांनी मिळून ती आठ मिनिटं एकदाही पार केली नाहीत. मला दोघांचा राग येतो, आणि एक तर आता ऐकायला नाही.

चौथी चौकशी. ३१ च्या आत आहे, म्हणजे उत्तर देणं बंधनकारक आहे. तुमच्याकडून आमच्याकडे येणारी दिवसाची बस किती वाजता निघते, आणि किती वाजता पोहोचते?

लॉजची खोली घेऊ नये.

वहिनी


३१ मार्च
जावक क्र. ७४ (अंतिम)

महोदया,

आपल्या दि. २५ च्या चौकशीस अनुसरून कळविण्यात येते की, बस सकाळी साडेसहाला निघते व संध्याकाळी साडेपाचला पोहोचते.

या वेळेत राखीव मिनिटे धरलेली नाहीत. उशीर झाल्यास तो उशीरच समजावा.

आज शेवटचे विमान दहा पस्तीसला उडाले. ते आपल्या वहीत असेलच. त्यानंतर खिडकीवरची पाटी काढून घेतली. कार्यालयाला ती नको आहे म्हणाले, म्हणून बॅगेत ठेवली आहे.

आपल्या आधीच्या दोन पत्रांचे लिफाफेही बरोबर आणत आहे. ते आपल्यासमोर उघडावेत असा विचार आहे.

गुरुवार, ३ एप्रिल.

आपला,
पायलट


(वहीतलं पान)

१ एप्रिल. विमान नाही.

२ एप्रिल. विमान नाही. काच पुसली.

३ एप्रिल. विमान नाही. आतली खोली झाडली. चष्मेवाला चारदा येऊन गेला, दुकान बंद का म्हणून. सांगितलं, पाहुणा आहे. कुठल्या गाडीने, म्हणाला. बसने, म्हटलं.
५.३० नाही.
५.४५ नाही. बदकाचं घड्याळ लावलं, ते पुढे आहे.
६.०० नाही. अर्ध्या वाटेवर बस चहाला थांबते.
६.१० नाही.
६.२५ बॅगेला डिझेलचा वास.